अर्धी वीत पुढे

२ मार्च

सही झाली. सही करताना लेकीने जीभ दातांत धरली होती, पहिलीत पाटीवर अक्षर काढताना धरायची तशीच. सही संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मी उगाच छताकडे.

अटी इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरलो असं म्हणायची सोय राहणार नाही. शाळांची आणि दवाखान्यांची मिळून चाळीस स्वयंपाकघरं, त्यांचा एक संघ. त्या संघाला फळं-भाजी आमच्या गाळ्यावरून जायची. पण आधी तीस दिवस परीक्षा. रोज शंभरेक क्रेट माल येतो, त्यातले सरासरी पाचाच्या वर फेकावे लागले तर करार रद्द. आमच्या घाऊक बाजारात शंभरातले वीस-बावीस मागच्या खड्ड्यात जातात आणि कुणाला काही वाटत नाही. खड्ड्यावरच्या कावळ्यांनासुद्धा आता निवडून खायची सवय लागली आहे. आणि लेकीने तर या संघापायी जुनी गिऱ्हाइकं सोडून दिली. करार गेला की गाळा शेजारच्या बटाटेवाल्याच्या घशात. तो रोज एकदा येतो आणि भिंतींवरून मापाची पट्टी फिरवावी तशी नजर फिरवून जातो.

संघाच्या तपासनीस बाईंनी विचारलं, "पाचावर आणणार कसं?"

लेक म्हणाली, "माझ्या बाबांचं नाक आहे."

बाईंनी ते खरंच लिहून घेतलं. कागदावर आहे : 'पद्धत – घ्राणपरीक्षा, अनुभव पन्नास वर्षे.' घ्राण हा शब्द शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच भेटला. जुना सोबती रस्त्यात दिसावा तसं झालं.

५ मार्च

फेकलेल्या क्रेटांचा आकडा लेक रोज फळ्यावर लिहिते. आज चार. काल चार, परवा तीन. सुरुवात चांगली आहे.

पिकायला लागलेलं फळ एक वारं सोडतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बंद खोलीत ते शेजारच्या कच्च्या फळाला पिकवतं, काकडीला पिवळी करतं, पालेभाजीला झोपवतं. एका सफरचंदापायी तीस क्रेट गेलेले मी पाहिले आहेत. असल्या फळाला आम्ही फितूर म्हणतो. पहाटे थंड खोलीतून फिरायचं, वासावरून फितूर क्रेट हुडकायचा, त्याला काठी टेकवायची. तो 'आज'च्या ओळीत, जवळच्या स्वयंपाकघरांना. बाकीचे 'उद्या' आणि 'परवा'. एवढीच माझी विद्या.

थंडीत फार थांबू नये असं डॉक्टर म्हणतात. मी वेळ घड्याळाने मोजत नाही. सातवीतली नावाड्याची कविता म्हणतो, सोळा कडव्यांची. 'थांब जरा रे पाण्या, तीरी कोणी अजुनी आले नाही' या ओळीला मास्तरांचा आवाज हमखास घोगरा व्हायचा आणि आम्ही पोरं बाकाखाली तोंड घालून हसायचो. आता त्या ओळीला माझा होतो. सोळावं कडवं संपलं की मी बाहेर.

माझ्याआधी मास्तरीण आत फेरी मारते. ही आमची निवड करणारी बाई, वीस वर्षं गाळ्यावर. शाळेची पायरी चढली नाही, पण सगळ्यांना दटावते म्हणून मास्तरीण. कामाला वाघीण, खोड एकच : थप्पी सरळ लावता येत नाही. रोज दोन-तीन क्रेट ओळीतून अर्धी वीत पुढे आलेले असतात.

"बाई, ही ओळ आहे की म्हाताऱ्याचे दात?"

"तुमचेच बघून लावते, दादा."

गंमत अशी की माझी काठी नेमकी त्याच क्रेटांपाशी थबकते. पाय अडखळला की माणूस जरा वाकतो, वाकला की नीट हुंगतो, दुसरं काय. बेशिस्तीचाही कधी कधी उपयोग होतो.

बाकी फळांना पूर्वीचा वास राहिला नाही हे मात्र खरं. एके काळी सफरचंदाची पेटी उघडली की रस्त्यापलीकडचा शिंपी सुई थांबवून मान वर करायचा. आता पेटीत तोंड खुपसलं तरी पुठ्ठ्याचासुद्धा वास येत नाही. बियाणंच बदललं.

९ मार्च

घरात आज उगाच भांडण. ही शेजारी गेली होती, मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो होतो. नावाड्याच्या कवितेचं अकरावं कडवं मधूनच हरवतं, ते आठवत होतो. ही परत आली ती पदर नाकाला लावूनच.

"दूध करपून पातेलं काळं झालं. तुम्ही हातभर अंतरावर बसला होतात."

"कवितेत होतो."

"कवितेत होतात," ती म्हणाली, आणि पातेलं घासत बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "डिसेंबरातल्या त्या तापानंतर एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या."

ताप जाऊन अडीच महिने झाले. बायकांना गेलेला ताप परत आणायची हौस असते. चहा मात्र हल्ली ही फार पाणचट करते. बोललो नाही. आज पातेल्याचं झालं होतं तेवढं पुरे.

१३ मार्च

मास्तरीण आठ-दहा दिवस रजेवर. तिच्या लेकीला दिवस भरत आले आहेत. जाताना थंड खोलीच्या दाराशी घुटमळली.

"दादा, मी नाही तोवर जरा हातानं बघत जा. देठापाशी अंगठा दाबायचा. सगळं नाकावर सोडू नका."

मी म्हटलं, "बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून हे नाक कामावर आहे."

"म्हणूनच म्हणते, थोडी सुट्टी द्या त्याला."

मग ती माझ्या लेकीकडे गेली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी मागून आलो. "काही नाही ताई, पोचल्यावर फोन करते," म्हणाली आणि निघाली. पैसे हवे असावेत. मागायला लाजली.

१५ मार्च

काल आठ. आज अकरा.

ओळी कशा सरळ रेषेत आहेत. नवी बाई सैन्यात शोभेल अशी थप्पी लावते. मी सोळा कडवी म्हणत फिरलो, कुठे पाय अडखळला नाही, कुठे काठी थबकली नाही. समाधानाने बाहेर आलो आणि दोन तासांत फोन सुरू झाले. पपई आतून काळी. काकड्या पिवळ्या. एका शाळेने टोमॅटो न उतरवताच परत पाठवले.

लेक फळ्यासमोर खडू घेऊन उभी होती. अकरातला दुसरा एक तिने फार हळू काढला.

माल इथे चांगला असतो, तिथे खराब पोचतो. मधे काय आहे? गाडी.

१६ मार्च

गाडीवाल्याचं टोपणनाव पाहुणा. मेव्हण्याच्या बदली दोन दिवसांसाठी आला होता, त्याला सहा वर्षं झाली. गाडी नीट चालवतो, पण आज मी स्वतः पाहिलं : टायरच्या दुकानामागे गाडी उभी, गार हवेचं यंत्र बंद, आणि हे महाशय फळकुटावर बसून चहा पीत आहेत. मालासकट.

लेकीला सांगितलं. सांगताना आवाज चढला असावा, कारण बटाटेवाला दाराशी येऊन उभा राहिला.

पाहुणा म्हणाला, "ताई, दहा मिनिटं थांबलो. पेटी बंद असली की तासभर गारवा टिकतो. माझ्या गाडीत माल दोन तास असतो, खोलीत दोन दिवस. नासेल कुठं?"

"म्हणजे खोलीत नासतो म्हणतोस?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लेकीकडे बघितलं, मग दाराशी उभ्या बटाटेवाल्याकडे.

"बोल की."

"नाही काका. काही नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. लेक त्याला म्हणाली, "उद्यापासून येऊ नका." किल्ली टेबलावर ठेवून तो गेला. जाताना मागच्या दाराची कडी जरा सैल आहे, बदलून घ्या, एवढंच म्हणाला.

हिला सांगितलं तर ही जेवता जेवता थांबली. "त्याच्या घरी चार तोंडं आहेत," म्हणाली. मी म्हटलं, आपल्या गाळ्यावर चाळीस स्वयंपाकघरं आहेत. वाक्य चांगलं जमलं होतं.

१८ मार्च

नवा गाडीवाला, भाड्याची गाडी, कुठेही न थांबता थेट. फळ्यावर चौदा.

तपासनीस बाई बावीस तारखेला येणार आहेत, असा निरोप. लेक आज माझ्याशी बोलताना शब्द मोजून वापरत होती. मला झोप नाही. तीन कारणं शोधली : वीज मधे जाते, क्रेट नीट धुतले जात नाहीत, नवी बाई आळशी आहे. तिन्ही लेकीला सांगितली. तिने तिन्ही तपासली. वीज गेलेली नाही, क्रेट स्वच्छ आहेत, आणि नवी बाई माझ्या आधी येते आणि माझ्या नंतर जाते.

१९ मार्च

हे लिहायला हात उचलत नाही.

पहाटे थंड खोलीत होतो. नववं कडवं. लेक कधी नव्हे ती आत आली, आणि दोन पावलांवर थबकून तिने ओढणी नाकातोंडावर धरली.

"बाबा, हे काय आहे?"

"कुठे काय?"

ती सरळ माझ्या उजव्या हाताच्या थप्पीकडे गेली, वरचे दोन क्रेट उतरवले. तिसऱ्यात कोबीचे गड्डे होते, म्हणजे कधी काळी होते. खालून पाणी गळत होतं. माझ्या बुटावरही गळलं होतं.

"तुम्ही इथेच उभे होतात. तुम्हाला येत नाही?"

"येतो की," मी म्हटलं. "आता त्याच्याकडेच वळत होतो."

तिने काही विचारलं नाही. क्रेट स्वतः उचलून खड्ड्याकडे घेऊन गेली. ती लहान असताना तिने एकदा प्रगतिपुस्तकावर माझी सही केली होती. मी ओळखली आणि काही बोललो नाही. आज ती तशीच गेली.

नवव्या कडव्यानंतरचं मला काही आठवेना.

२० मार्च

ही आंघोळीला गेली असताना दार लावून घेतलं. कांदा कापला. डोळ्यांना पाणी आलं, वास नाही. साबण, काही नाही. दिव्यासाठी ठेवलेल्या रॉकेलच्या बाटलीला नाक लावलं : थंड काच. हिच्या तेलाची बाटली उघडली. लग्नानंतर पहिल्या वर्षी या तेलाच्या वासावरून मी अंधारात घर ओळखत होतो. बाटली उलटी करून हातावर घेतलं, हात तोंडाशी नेला. पाणी असतं तरी हेच झालं असतं.

ही दारात कधी उभी राहिली कळलं नाही. ओले केस, हातात पंचा.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं. जसं काही तिचंच दुखणं.

"ताप उतरला त्या आठवड्यापासून. चवही गेली. भाजीत मीठ दोनदा टाकलं तरी जेवलात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"डॉक्टरांकडे चला म्हटलं, चारदा. नाक गेलं हे तोंडावर कसं म्हणू? सकाळी पाच वाजता तुम्ही भांग पाडून निघता. तीस वर्षांच्या माणसासारखे निघता."

मी फक्त एकच हिशेब घालत बसलो आहे. नाक डिसेंबरात गेलं असेल, तर मार्चातले पहिले बारा दिवस रोज चार कसे? दैव म्हणावं तर बारा दिवस दैव एकाच खिडकीत उभं राहत नाही.

२१ मार्च

पाहुण्याच्या घरी गेलो. दुसरा मजला, जिन्यात सायकली. तो फरशीवर बसून मुलीच्या दप्तराची चेन बसवत होता. बायकोने पाणी दिलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. बरोबर केलं.

मी म्हटलं, "माल गाडीत नासत नव्हता."

"ठाऊक आहे."

"माझं नाक गेलं आहे."

"तेही ठाऊक आहे, काका."

चेन अडकली होती. त्याने ती मागे घेतली, मेण लावलं, पुन्हा ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तरीण देठ दाबून बघायची, आणि नासायला आलेला क्रेट अर्धी वीत पुढं ओढून ठेवायची. तुमची काठी लागावी म्हणून. साऱ्या गाळ्याला माहीत होतं. ताईंना सोडून."

"आणि मला."

"आणि तुम्हाला."

खाली कुणीतरी सायकल काढत होतं, घंटी वाजत राहिली.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? तुझी नोकरी जात होती."

"बटाटेवाला दारात होता. तुमच्या पोरीसमोर, त्याच्यासमोर म्हणू, की म्हाताऱ्याला काही कळत नाही?" चेन लागली. त्याने ती दोनदा उघडून बंद करून बघितली. "आणि खरं सांगू, राग आला होता. म्हटलं, बघू दे स्वतःच."

क्षमा मागायची म्हणून मी रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. चांगलं होतं, त्यात नदी होती. ते तिथे म्हणवेना. "चुकलो," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "चहा घेणार? पाणचटच असतो आमचा, तुम्हाला काय फरक."

आम्ही दोघेही हसलो नाही. पण चहा घेतला.

घरी येऊन वही उघडून बसलो आहे. उद्या तपासनीस बाई येणार. कागदावर घ्राण आहे. मी गप्प राहिलो तर लेक वेळ मागून घेईल, मास्तरीण परवा परत येतेय, क्रेट पुन्हा पुढे येतील, माझी काठी पुन्हा थबकेल. सगळं जागच्या जागी. पाहुणा तेवढा बाहेर. आणि मी बोललो तर ज्या कागदावर लेकीने सही केली तो कागदच खोटा ठरतो.

मास्तर असते तर काय म्हणाले असते? काही म्हणाले नसते. त्यांना तेवढी कविताच येत होती.

२२ मार्च

बोललो.

बाई फळ्यावरचे आकडे उतरवून घेत होत्या. लेक म्हणत होती, वाहतुकीत दोष होता, माणूस बदलला आहे. मी म्हटलं, "दोष वाहतुकीत नव्हता. माझ्यात आहे." आणि सगळं सांगितलं, डिसेंबरापासून. लेकीच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते मात्र पाळता आलं नाही. तिचं तोंड एकदम लहान झालं.

बाईंनी चष्मा काढला. "मग पहिले बारा दिवस हे काम करत कोण होतं?"

"निवड करणारी बाई. हातानं."

"तिचं नाव या कागदावर कुठे आहे?"

लेकीने कागद पुढे ओढून पुन्हा वाचला.

"म्हणजे ज्या नाकावर आम्ही चाळीस स्वयंपाकघरं सोपवली ते नव्हतंच, आणि जो हात होता तो तुम्ही लिहिला नाहीत." त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. बराच वेळ आकडेमोड केली. मग म्हणाल्या, रद्द करणं सोपं आहे, पण दुसरीकडे सगळे वीसच्या वर आहेत. मुदत पंधरा एप्रिलपर्यंत वाढवते, अट तीच, सरासरी पाच. मधले नासलेले दिवस धरूनच. "म्हणजे आजपासून रोज तीनच्या वर जायचं नाही. आणि पद्धतीसमोर जो करतो त्याचं नाव लिहायचं. स्वयंपाकघराने उतरवून घेऊन शिजवलं वा वाढलं तो क्रेट वापरला, बाकीचा फेकला. मधलं काही नाही."

त्या गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही उद्यापासून घरी राहा." मग पाहुण्याला फोन लावला आणि तो उचलेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

२६ मार्च

तीन, दोन, तीन, तीन. आकडे हिच्याकडून कळतात. लेक फोन आईला करते.

मास्तरणीला नात झाली. कागदावर तिचं नाव लागलं त्या दिवशी तिने म्हणे विचारलं, "आणि नासलं तर शिव्या पण मलाच?" लेक म्हणाली, हो. "मग बरं. आतापर्यंत नुसत्याच शिव्या होत्या."

मी पाच वाजता उठतो. भांग पाडतो. बसतो.

७ एप्रिल

परवा एकदम सात. एका गाडीतून शेतावरूनच तापलेला पाला आला. काल एक, आज एक. ओढाताण चालली आहे. लेकीचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येतो, काच तडकण्याआधी वाजते तसा.

तिने अजून मला काही विचारलेलं नाही.

१५ एप्रिल

आज शेवटचा दिवस. सकाळी सहाला फोन आला. हिने ऐकला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हाला."

"बाबा, आज दोनच क्रेट वाया जायची मुभा उरली आहे. दोन गेले. आणि नासपतीचे तीन क्रेट मास्तरीण म्हणते दुपार बघणार नाहीत. लांबच्या शाळेचे होते. काय करू?"

मी नाक चालवू शकत नाही, पण पाय चालतात. गाळ्यावर पोचलो तर लेक, मास्तरीण आणि परत कामावर आलेला पाहुणा असे तिघे त्या तीन क्रेटांभोवती उभे होते, आजारी माणसाच्या खाटेभोवती उभे राहतात तसे. मास्तरणीने माझा अंगठा धरला आणि एका नासपतीच्या देठाशी दाबला. अंगठा आत गेला, लोण्यात जावा तसा. खाली, पोटाशी, फळ अजून घट्ट होतं.

लेक हळू आवाजात म्हणाली, "खाली या घातल्या आणि वर चांगल्या ठेवल्या तर? शाळा त्या परवा काढेल. तोवर परीक्षा संपलेली असेल."

बाजारात याला तोंड सजवणं म्हणतात. तिने ते कुठे पाहिलं हे मला विचारायची गरज नाही. मीच सजवायचो, ती क्रेटवर बसून पाय हलवत बघायची. माझ्या जिभेवर आलं होतं, की एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

मास्तरीण म्हणाली, "नाही ताई. माझं नाव आहे कागदावर."

लेकीने मान खाली घातली. मग मी म्हटलं, "नासपती आतून पिकते. देठाशी अशी लागली की आत्ता यांच्याइतकं गोड काही नाही. तीन तासांनी चिखल. आत्ताच कुणी खायला हवं. जवळ कोण आहे?"

"दवाखान्याचं स्वयंपाकघर," पाहुणा म्हणाला. "पंचवीस मिनिटं. पण एकावर एक क्रेट ठेवले तर खालचे तिथवर टिकत नाहीत. रस्ता उकरून ठेवलाय."

"एकावर एक नाही ठेवायचे. एका थरात, देठ वर. मी मागे बसतो, एक मांडीवर, दोन पायांशी धरतो."

लेक म्हणाली, "बाबा, गाडीत पाच अंशांवर..."

"एवढी वर्षं कुठे होतो मी?"

शेजारच्या गाळ्यातून गवत आणलं. मास्तरणीने एकेक फळ दोन्ही हातांनी ठेवलं, तिच्या नव्या नातीला ठेवत असेल तसं. लेक दवाखान्यात फोन करत होती आणि तिकडून कुणी उचलत नव्हतं. "निघा तुम्ही," म्हणाली. मागचं दार लावताना पाहुण्याने नवी कडी घातली आणि वरून एकदा थोपटली.

आत अंधार, यंत्राची घरघर, मांडीवर क्रेट. प्रत्येक खड्ड्याला मी तो अंगानं वर उचलून धरत होतो. पाहुणा गाडी अशी चालवत होता जणू मागे बाळंतीण बसली आहे. कविता म्हणायला घेतली नाही. कान क्रेटाकडे होते. फळ फुटलं तर आवाज येतो का, मला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदा सापडली.

दार उघडलं तेव्हा बोटं सुटत नव्हती. पाहुण्याने ती एकेक सोडवून क्रेट घेतला.

दवाखान्याची मुख्य स्वयंपाकीण उंच, हातावर भाजल्याचे डाग. तिने फळांकडे बघितलं आणि मान हलवली. "ही उद्यापर्यंतसुद्धा नाहीत. मी उतरवून घेतली तर माझ्या नावावर."

"उद्यापर्यंत नकोच आहेत," मी म्हटलं. "आठला नाश्ता वाढता ना? आत्ता साडेसात झालेत."

पाहुणा म्हणाला, "बाई, कापून तर बघा."

तिने मधल्या क्रेटमधली एक घेतली, उभी चिरली. आत पांढरी, कुठे काळा ठिपका नाही. रस सुरीवरून मनगटावर आला. तिने एक फाक स्वतःच्या तोंडात टाकली, एक पाहुण्याला दिली, एक माझ्यापुढे धरली.

मी खाल्ली. थंड, मऊ, ओली. जिभेला दुसरं काही कळलं नाही. रस कोपरापर्यंत ओघळला.

"तुम्ही गाळ्याचे जुने जाणकार ना? ताईंचे वडील?" स्वयंपाकीण म्हणाली. "कशी आहे?"

मागे लेकीचा फोन पाहुण्याच्या खिशात वाजत होता. तो उचलत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

ती थोडा वेळ चघळत राहिली. मग मागे वळून आत हाक मारली, की नाश्त्याच्या ताटल्या काढा, तिन्ही क्रेट उतरवून घ्या.